बाळ घरी आलं, धास्ती मात्र गेली नाही

एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळाच्या इवल्याशा तळपायाला पट्टीने एक सेन्सर गुंडाळलेला असतो. त्यातला लाल दिवा पावलातून आरपार दिसतो. वायर मॉनिटरला जोडलेली आणि मॉनिटरवर दोन आकडे: हृदयाचे ठोके आणि रक्तातला ऑक्सिजन. तिथे आठवडेच्या आठवडे काढलेले आईबाप बाळाच्या चेहऱ्यापेक्षा या आकड्यांकडेच जास्त बघत बसतात. ९५, ९३, ९०, ८६ आणि मग अलार्म. सिस्टर येते, पाठीवरून बोटं फिरवते किंवा तळव्याला हलकी टिचकी मारते, आकडा पुन्हा चढतो. कितीदा तर बाळाने नुसता पाय झाडलेला असतो. पण बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं ते होतंच.

मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "वजन वाढतंय, दूध नीट ओढतंय, उद्या घरी न्या." घरी ओवाळून बाळाला आत घेतात, पेढे वाटले जातात. आणि रात्री सगळे झोपल्यावर आईच्या लक्षात येतं की या खोलीत मॉनिटर नाही. श्वास चालू आहे हे आता कोण सांगणार?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यातली जवळपास ३० लाख भारतातली होती, कुठल्याही एका देशातला हा सर्वांत मोठा आकडा. या बाळांना जगवण्याचं शास्त्र गेल्या काही दशकांत फार पुढे गेलं आहे. घरी आल्यावर त्यांच्या आईबापांच्या मनाचं काय होतं याकडे मात्र आपलं लक्ष अजूनही फार कमी जातं, आणि ते जायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं. कारण धास्तावलेली, झोप न झालेली आई ही बाळाच्या तब्येतीचाही प्रश्न असते.

मेंदूच्या आत बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोका ओळखणाऱ्या यंत्रणेतला तो महत्त्वाचा दुवा. अलार्म वाजला आणि बाळ निळं पडलं, असं दोन-तीनदा डोळ्यांदेखत घडलं की मेंदू त्या दोन गोष्टींची गाठ पक्की बांधून टाकतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं मग घरी मायक्रोवेव्हची टिंग किंवा कुकरची शिट्टीही हृदयाचे ठोके वाढवायला पुरते. त्यात झोप नाही. २००७ सालच्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा त्यांचा अमिग्डाला नीट झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त उसळला. बाळंतीण तर अशा रात्रींमागून रात्री काढत असते. आपल्या हातून बाळ पडेल, झोपेतच त्याला काहीतरी होईल, असे नको असलेले भयंकर विचार बहुतेक नव्या आईबापांना येतात, पूर्ण दिवसांचं बाळ असलेल्यांनाही. विचार आला म्हणजे आपण वाईट आई आहोत किंवा तसं घडणारच आहे, असं मुळीच नाही. हे कुणी वेळेवर सांगितलं तर निम्मा जीव भांड्यात पडतो.

आता श्वासाकडे येऊ, कारण सगळी रात्र जाते ती त्याच्यावर डोळे लावून. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास घड्याळासारखा एका लयीत चालत नाही. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पिकलेलं नसतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की 'श्वास घे' असा हुकूम सोडणं हे त्याचं काम, पण हा हुकूम कधी उशिरा सुटतो, कधी जरा जास्तच जोरात. म्हणून बाळ भराभर काही श्वास घेतं, मग पाच ते दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा भराभर घेतं. थांबलेलं असताना रंग गुलाबी राहतो आणि श्वास आपला आपण सुरू होतो. हे त्या वयात नेहमीचं आहे. वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबणं, किंवा कमी वेळ थांबूनही ओठ निळे पडणं, अंग ढिलं पडणं, हे वेगळं. तो अॅप्निया. बहुतेक बाळांमध्ये तो गर्भारपणाचे ३६-३७ आठवडे भरायच्या सुमाराला थांबतो, फारच लवकर जन्मलेल्यांमध्ये आणखी काही आठवडे घेतो. डॉक्टर डिस्चार्ज देण्यापूर्वी बाळ काही दिवस असं न थांबता राहिलंय ना, हे तपासतात. म्हणजे घरी पाठवणं हाच एक तपासणीचा निकाल असतो.

झोपेतल्या आवाजांचंही तसंच. ही बाळं झोपेचा बराच वेळ सक्रिय झोपेत असतात. पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ हलतात, हातपाय झटकले जातात, आळोखेपिळोखे देताना चेहरा लालबुंद होतो आणि घशातून मोठाले आवाज येतात. उचक्या, शिंका येतात. यातलं काहीच आजाराचं नाही. मात्र प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येत असेल, नाकपुड्या फुलत असतील, फासळ्यांखालचा भाग आत खेचला जात असेल, तर वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. श्वास मोजायचाच असेल तर बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर उत्तर हमखास चुकतं, कारण लय सारखी नसते. साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मिनिटभर मोजून खात्री करा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर डॉक्टर.

इथे पुष्कळ घरांतून एकच उपाय निघतो: ऑनलाइन एखादं मशीन मागवू. पायात घालायचा मोजा, गादीखालची चकती, मोबाईलवर वाजणारा अलार्म. मशीनने निदान झोप तरी लागेल असं वाटतं. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजाराहून जास्त बाळांवर घरी मॉनिटर लावून पाहिलं होतं. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांपैकीही ४३ टक्के बाळांमध्ये 'श्वास लांबला' किंवा 'ठोके मंदावले' अशी नोंद त्या यंत्राने कधी ना कधी केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये गंभीर नोंदी जास्त होत्या, पण गर्भारपणापासून मोजून ४३ आठवड्यांच्या आसपास तो फरक मिटला. झोपेतला अचानक मृत्यू टाळण्यासाठी असे मॉनिटर वापरू नयेत, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते. ज्या बाळाला घरी ऑक्सिजन चालू आहे किंवा डॉक्टरांनीच मॉनिटर दिला आहे, त्याची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, तोंडाजवळ उशी-दुपटं न ठेवता झोपवणं याला खरा आधार आहे.

मशीन असो वा स्वतःचा हात, पुन्हा पुन्हा पाहण्यात एक फसवी गोम आहे. आई उठते, बाळाच्या नाकाशी बोट धरते, उबदार श्वास लागतो, हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यातून मेंदू एवढंच शिकतो की 'पाहिलं म्हणून वाचलं'. मग पुढची खेप लवकर येते. तासाने होणारी फेरी अर्ध्या तासाने, मग दहा मिनिटांनी. मानसोपचारात हे चक्र चांगलं ओळखीचं आहे आणि त्याला तोडण्याची रीतही ठरलेली आहे: पाहण्याच्या वेळा आधीच बांधून घ्यायच्या. या बाळांना तसंही दर दोन-तीन तासांनी दूध द्यावं लागतं. तेव्हा रंग, श्वास, हातापायांची ऊब, लंगोट ओला झालाय का, सगळं नीट बघायचं. मधल्या वेळेत उठावंसं वाटलं तर श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावत काही मिनिटं पडून राहायचं. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात. पहिल्या रात्री हे फार जड जातं. बेचैनी वर चढते आणि मग आपली आपण उतरू लागते, हे एकदा अनुभवलं की पुढची रात्र थोडी सोपी जाते. वजनाचंही तेच. दूध पाजण्याआधी आणि पाजल्यावर काट्यावर ठेवणारी घरं असतात. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, पुरेसं आहे.

घरातली माणसं प्रेमापोटीच बोलतात, पण काही वाक्यं फार लागतात. 'सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही' हे त्यातलं सगळ्यात वाईट. ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्यकातही होती आणि ती साफ खोटी आहे. पोटात राहिलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सरस स्थितीत असतं. दुसरं वाक्य, 'शेजारच्यांचं याच वयाचं, ते तर हसायला लागलं.' इथे हिशोब शिकून घ्यायचा. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ४० आठवड्यांच्या हिशोबाने ८ आठवडे आधी आलं. ते चार महिन्यांचं झालं की विकासाच्या दृष्टीने दोन महिन्यांचं धरायचं. हसणं, मान धरणं, बसणं हे सगळं दोन वर्षांपर्यंत याच सुधारित वयाने मोजतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे. आणि धुरी? त्या कोवळ्या फुफ्फुसांजवळ शेगडी, ओवा-बाळंतशेपांचा धूर, उदबत्ती, यातलं काहीही नको. आजीला दुखवायचं नसेल तर डॉक्टरांच्या तोंडून हे वदवून घ्यावं.

आजीला त्यापेक्षा मोलाचं काम देता येतं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, ऊब देणाऱ्या एकेका पेटीत (इनक्युबेटरमध्ये) दोन-दोन बाळं ठेवायची वेळ आली तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळं सरळ आईच्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी ते काम पुढे नेलं. हीच कांगारू पद्धत. लंगोट आणि टोपी एवढंच घातलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला वळवलेली आणि नाक मोकळं, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून कापड पक्कं बांधलेलं. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केल्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाकाठी ८ ते २४ तास असं ठेवायला सांगते. आईच्या मनावरही परिणाम होतो: हरियाणात घरोघरी झालेल्या चाचणीत ही पद्धत वापरणाऱ्या आयांमध्ये नैराश्याची मध्यम ते तीव्र लक्षणं कमी आढळली. आणि माझ्या मते धास्तावलेल्या आईसाठी यात आणखी एक सोय आहे. बाळ श्वास घेतंय का हे उठून पाहावं लागत नाही, ते स्वतःच्या कातडीला कळत राहतं. फक्त हे जागेपणी करायचं, डोळा लागू लागला की बाळ दुसऱ्याकडे. तो दुसरा बाबा असू शकतो, आजी, मावशी, आत्या कुणीही. बाबाच्या छातीवरही बाळ तितकंच ऊबदार राहतं.

महाराष्ट्रात या विषयाची एक मोठी शिकवण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना बाळाचा श्वास मोजायला, वजन-ताप बघायला, ऊब राखायला, संसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं. नवजात बालकांचं मृत्यूचं प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी उतरलं, ते निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी ज्या फेऱ्या मारतात त्यांची मुळं तिथे आहेत. बाळाचा श्वास कसा मोजायचा, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे शिकलेलं माणूस ठरलेल्या दिवशी दारात येतं, ही गोष्ट मॉनिटरपेक्षा जास्त धीर देते. अमेरिकेतही २००६ सालच्या एका चाचणीत, अपुऱ्या दिवसांची बाळं कशी वागतात आणि त्यांना कसं हाताळायचं एवढं नीट शिकवलेल्या आयांचा ताण आणि चिंता कमी झाली, त्यांची बाळंही सरासरी सुमारे चार दिवस आधी घरी गेली.

म्हणून एक कागद लिहून कपाटाच्या दारावर चिकटवावा. दूध ओढायचं थांबणं किंवा एकदम कमी होणं. श्वास दोनदा मोजूनही मिनिटाला साठ किंवा जास्त, फासळ्या आत जाणं, कण्हणं. ओठ किंवा जीभ निळी. झटके. हलवल्याशिवाय हालचाल न करणं. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर, किंवा ऊब देऊनही ३६.५ च्या वर न येणं. यातलं एकही दिसलं तर विचार करत बसायचं नाही, दवाखाना किंवा १०८. श्वास थांबून बाळ निळं पडलं तर तळवा चोळून, पाठ चोळून जागं करायचं. तोंडाने श्वास कसा द्यायचा हे डिस्चार्जच्या आधी सिस्टरकडून बाहुलीवर शिकून घेता येतं, तसं मागायला संकोच नको.

कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीखही हवी. ३४ आठवड्यांच्या आधी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधी किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढण्याचा हा आजार बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, वेळेत पकडला तर लेझरने दृष्टी वाचते आणि वेळ गेली तर ती परत येत नाही. सगळी काळजी जिथे कामी लावावी अशी ही जागा आहे. कानांची तपासणीही त्याच खेपेत.

आता आईबापांची तपासणी. बाळ झोपलंय, सांभाळायला माणूस आहे, तरी झोप येत नाही. बाळाला कुणाच्याच हातात देववत नाही. किंवा उलट, त्याला हात लावायचीच भीती वाटते. एनआयसीयूतली दृश्यं अचानक डोळ्यांपुढे येतात, दवाखान्याच्या रस्त्यावरूनही जाववत नाही. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ती नुसती काळजी राहिलेली नाही. १९८७ साली एडिंबरामध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, त्यातले तीन प्रश्न खास चिंतेचे आहेत. ती पाच मिनिटांत भरून होते आणि बाळाच्या फॉलोअपलाच डॉक्टरांकडे मागता येते. विचारांना आणि आठवणींना हात घालणाऱ्या समुपदेशनाच्या मोजक्या बैठकांनी अशा आयांना फरक पडतो, आणि गरज लागली तर अंगावर पाजतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं वाटू लागलं तर त्याच क्षणी घरच्या माणसाला सांगून दवाखाना गाठायचा. बाबांना हे प्रश्न कुणी विचारत नाही. ते औषधं आणतात, बिलं भरतात आणि गप्प राहतात, त्यांनाही विचारावं. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही उचलला जातो आणि तिथे मराठीत बोलता येतं.