शिप मनी उर्फ जहाजपट्टी

शिप मनी म्हणजे लढाईच्या वेळी इंग्लंडच्या राजाने बंदरांकडून आणि किनाऱ्यावरच्या भागांकडून घ्यायची जुनी पट्टी. आपल्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी असते तशी ही जहाजपट्टी म्हणा. मूळ रिवाज असा की जहाज द्या नाहीतर जहाजाचे पैसे द्या, आणि ते पण संकट आलं तरच. पहिल्या चार्ल्सने १६३४ पासून ही पट्टी देशात शांतता असताना दरवर्षी वसूल करायला सुरवात केली, आणि तिथूनच राजा विरुद्ध पार्लमेंट हे भांडण घराघरात जाऊन पोचलं.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही हे १६२८ च्या पिटिशन ऑफ राइटमध्ये चार्ल्सने कबूल केलं होतं. पुढच्याच वर्षी २ मार्चला सभा तहकूब करायला निघालेल्या स्पीकर जॉन फिंचना सभासदांनी खुर्चीत दाबून धरलं आणि ठराव मांडले, त्यावर राजाने पार्लमेंट बरखास्त केलं ते ११ वर्षं बोलावलंच नाही. मग पैसा आणायचा कुठून, तर जुनी दप्तरं उघडून ही पट्टी बाहेर काढली गेली. चाच्यांचा त्रास खरा होता हे मान्य केलं पाहिजे, १६३१ मध्ये आयर्लंडमधल्या बाल्टिमोर गावातली माणसं त्यांनी गुलाम करून नेली होती, आणि पट्टीचा पैसा आरमारावरच खर्च झाला.

पण १६३५ मध्ये समुद्र नसलेल्या जिल्ह्यांवर पण ती लावली. बकिंगहॅमशायरला हुकूम आला की ४५० टनांचं जहाज द्या, म्हणजे खरं तर ४,५०० पौंड भरा. गावोगाव वाटणी करायची ती शेरीफने, म्हणजे जिल्ह्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याने, वसुली कमी पडली तर धरणार पण त्यालाच. देशभरातून वर्षाला साधारण २ लाख पौंड मागितले जायचे आणि सुरवातीला ते जवळपास सगळे जमा पण झाले.

त्याच जिल्ह्यातले जमीनदार जॉन हॅम्पडेन यांनी पैसे भरले नाहीत. खटला चालला तो फक्त २० शिलिंगांवर, म्हणजे एका पौंडावर, एवढे पैसे त्यांना काहीच जड नव्हते. प्रश्न असा होता की देशावर संकट आलंय हे ठरवायचं कोणी, एकट्या राजाने? हॅम्पडेनचे वकील ऑलिव्हर सेंट जॉन यांनी दाखवलं की हुकमात जहाज तयार करायला सात महिने दिलेत आणि पार्लमेंट बोलवायला ४० दिवस पुरतात, मग बोलावलं का नाही! मला तर हा सगळ्या खटल्यातला सगळ्यात पक्का मुद्दा वाटतो कारण तो राजाच्याच कागदातून काढलेला आहे.

१६३८ मध्ये १२ पैकी ७ न्यायाधीश राजाच्या बाजूने गेले, ५ विरुद्ध. त्या सातांत फिंच होते, तेच ते खुर्चीतले, आता मुख्य न्यायाधीश झालेले. देशाच्या रक्षणाचा राजाचा अधिकार काढून घेणारा पार्लमेंटचा कायदाच रद्दबातल असं ते म्हणाले, म्हणजे पट्टी राहिली बाजूला आणि पार्लमेंटच्या मुळावरच घाव बसला. राजा केस जिंकला पण पाच न्यायाधीश पण नाही म्हणतायत हे लोकांना कळलं आणि पुढे वसुली पार कोसळली.

१६४० मध्ये स्कॉटलंडशी लढायला पैसे नाहीत म्हणून शेवटी पार्लमेंट बोलवावंच लागलं. फिंच हॉलंडला पळाले, १६४१ मध्ये कायदा करून शिप मनी बेकायदेशीर ठरवली. संमतीशिवाय कर नाही हे १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये परत लिहिलं गेलं, आणि कायद्याच्या अधिकाराशिवाय कर नाही असं सांगणारं आपल्या राज्यघटनेचं कलम २६५ त्याच विचाराचं आहे.

४ जानेवारी १६४२ ला चार्ल्स स्वतः शिपाई घेऊन ज्या पाच सभासदांना पकडायला सभागृहात घुसला त्यात हॅम्पडेन होते. ते आधीच निसटले होते, पण त्याच वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं आणि पुढच्या वर्षी त्यातल्या चालग्रोव्हच्या लढाईत हॅम्पडेन जखमी होऊन वारले. आणि ज्या आरमारासाठी एवढी पट्टी गोळा केली ते आरमार १६४२ मध्ये युद्ध पेटताना पार्लमेंटच्या बाजूने गेलं.