न झालेल्या लढतींचा सातबारा

अलिबागकडच्या जत्रेत कुस्ती धरायला कागद लागत नाही. दोन पोरं पंचांपुढे येतात. पंच त्यांना खांद्याला खांदा लावून उभं करतात, एखाद्याची मान चाचपतात आणि जोड लावतात. ‘जोड बसत नाय!’ असा कडेनं ओरडा झाला की बदलतातही. आधी कुणाला चीत केलंय, हे पोराला सांगावं लागत नाही, गर्दीच सांगते. नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली, तिथंही होते, पण ती शेकडो डोळ्यांदेखत करावी लागते.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये लढत एका गावात आणि पैसे लावणारा भलत्याच शहरात. म्हणून तिथं रेकॉर्ड महत्त्वाचं: किती जिंकल्या, किती हरल्या. त्यावर क्रमवारी, क्रमवारीवर मानधन. अमेरिकेत ‘द रिंग’ मासिकाचं वार्षिक रेकॉर्ड बुक म्हणजे एके काळी या धंद्याचा सातबाराच होता. सातबाऱ्यावर नावं कशी चढतात, ते कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको.

१९७७ मध्ये प्रवर्तक डॉन किंगने एबीसी वाहिनीसाठी राष्ट्रीय स्पर्धा भरवली. जानेवारीतल्या पहिल्या लढती फ्लोरिडात, ‘लेक्सिंग्टन’ या युद्धनौकेवर झाल्या. बॉक्सर निवडायचे ‘द रिंग’च्या क्रमवारीवरून. पुढे एका लढतीत हरल्याचा निकाल मिळालेल्या स्कॉट लेडूनं चिडून प्रतिस्पर्ध्यावर लाथ उगारली आणि त्या गडबडीत समालोचक हॉवर्ड कोसेलचा केसांचा टोप उडाला. लोक हसले, पण निकाल ठरवून दिल्याचा लेडूचा आरोप मागे उरला. ‘द रिंग’च्या नोंदी तपासल्या तर न झालेल्या लढती सापडू लागल्या. टेक्सासच्या आइक फ्लुएलनच्या नावावर मेक्सिकोतले दोन विजय होते. गडी वर्षभर रिंगणात उतरलाच नव्हता! एप्रिलमध्ये एबीसीनं स्पर्धा थांबवली.

फुगवलेल्या रेकॉर्डनं पैसा बुडतो. पराभव लपवला तर माणूस जातो. एका राज्यात नॉकआउट होऊन बंदी आलेला बॉक्सर दुसऱ्या राज्यात खोट्या नावानं उभा राहायचा; डोक्याला बसलेला मार तिथल्या डॉक्टरला कळणार कुठून? १९९६ च्या अमेरिकी कायद्यानं प्रत्येक बॉक्सरला नोंदणी आणि फोटोचं ओळखपत्र सक्तीचं केलं, आणि एका राज्याची वैद्यकीय बंदी इतरांनीही पाळायची, असं ठरलं. २००० मध्ये मुहम्मद अलीच्या नावाचा कायदा आला. त्यानं क्रमवारी लावणाऱ्या संघटनांना निकष जाहीर करायला लावले. त्याच वर्षी आयबीएफ या अशाच एका संघटनेच्या माजी अध्यक्षावर क्रमवारीसाठी लाच घेतल्याचा खटला चालला, पण तो दोषी ठरला तो काळा पैसा पांढरा करणं आणि करचुकवेगिरीबद्दल.