फीत शाबूत, वाचणारं यंत्र गायब

संगणकाच्या चुंबकीय फितीची सुरुवात १९५१ मध्ये युनिव्हॅक या संगणकापासून झाली. त्याच्या युनिसर्वो ड्राइव्हमध्ये, म्हणजे फीत चालवणाऱ्या यंत्रात, फिरणारी फीत चक्क धातूची होती, वर निकेलचा मुलामा. पुढच्याच वर्षी आयबीएमने ७२६ हा ड्राइव्ह आणला. त्याची फीत प्लॅस्टिकची, अर्धा इंच रुंद. ट्रॅक, म्हणजे फितीच्या लांबीतल्या नोंदीच्या समांतर पट्ट्या, सात आणि इंचाला १०० अक्षरं. १९६४ च्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांबरोबर नऊ ट्रॅक आले: आठ बिटांचा बाइट आणि नववा पडताळणीचा पॅरिटी बिट. घनता इंचाला ८००, १६००, ६२५० अशी चढत गेली आणि दर टप्प्यावर बिट नोंदवायची पद्धतही बदलली. त्यामुळे सारख्याच दिसणाऱ्या दोन रिळांना वेगवेगळे ड्राइव्ह लागू शकतात.

फिती महाग होत्या, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. अपोलो ११ च्या मूळ टेलिमेट्रीच्या, म्हणजे यानाकडून आलेल्या संदेशांच्या, फिती बहुधा अशाच पुसल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये काढला.

ज्या पुसण्यातून बचावल्या, त्यांना रसायनाने गाठलं. ऑक्साइडचे कण फितीला धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा बाइंडर हवेतला दमटपणा शोषतो आणि चिकट होतो. अशी फीत ड्राइव्हमध्ये चालवली की लेप खरवडून फीत वाचणाऱ्या हेडवर बसतो, म्हणजे वाचण्याच्या प्रयत्नातच डेटा जातो. उपाय म्हणून फीत सुमारे ५० अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद तापवतात. चिकटपणा काही काळापुरता कमी होतो, तेवढ्यात वाचून घ्यायचं. जुन्या ॲसिटेटच्या फितींवर मात्र हा प्रयोग करायचा नसतो. त्या उष्णतेने आणखी ठिसूळ होतात.

तरीही माझ्या मते खरं नुकसान फितीबाहेर झालं. १९६६-६७ मध्ये पाच लूनार ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रं पाठवली, ती ॲनालॉग फितींवर, म्हणजे बिटांऐवजी सलग सिग्नलच्या रूपात, उतरली. त्या फिती जपल्या गेल्या, पण त्या वाचणारे अँपेक्स एफआर-९०० ड्राइव्ह दुर्मीळ झाले. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या नॅन्सी इव्हान्स यांनी भंगारात निघालेले ड्राइव्ह वर्षानुवर्षं स्वतःकडे सांभाळले, म्हणूनच २००८ मध्ये नासाच्या एम्स केंद्रात, बंद पडलेल्या मॅकडॉनल्ड्सच्या इमारतीत, ती छायाचित्रं मूळ स्पष्टतेने पुन्हा मिळवता आली. एका व्यक्तीच्या चिकाटीवर इतकं काही अवलंबून असावं, हे आजही अस्वस्थ करतं.

यंत्र मिळालं तरी फॉरमॅटची कागदपत्रं लागतातच. मंगळावरच्या वायकिंग यानांच्या १९७६ च्या जैविक प्रयोगांचा डेटा १९९० च्या दशकाअखेरीस मागवला गेला, तेव्हा फितींवरची मांडणी कुणालाच उलगडेना. शेवटी छापील प्रतींचा आधार घ्यावा लागला.

अलीकडे कामाची रीतच बदलली आहे. ड्राइव्हने तिथल्या तिथे बिट ओळखावेत, हा आग्रह सोडून सगळ्या ट्रॅकच्या हेडमधला कच्चा ॲनालॉग सिग्नल एकदम साठवतात आणि पुढचा उलगडा सॉफ्टवेअरवर सोपवतात. ट्रॅक किंचित मागेपुढे झाले असतील किंवा सिग्नल मंदावला असेल, तर फीत पुन्हा न फिरवता हवे तितके प्रयत्न करता येतात. यूटा विद्यापीठात २०२५ मध्ये सापडलेली, १९७० च्या दशकातल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चौथ्या आवृत्तीची फीत कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये याच पद्धतीने वाचली गेली. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सी भाषेत लिहिलेली ती पहिली आवृत्ती आता पीडीपी-११ या जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर चालवून पाहता येते.