मांजराचं चाटणं: माया आणि स्वच्छता यांची पार्श्वभूमी

नागपुरात आज फ्लॅटमधल्या सोफ्यावर लोळणारं आणि मालकाचा गाल चाटणारं मांजर दिसतं. पण मांजर माणसाजवळ आलं ते लाडासाठी नाही, उंदरांसाठी. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारीच मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मांजरं मूळची नव्हती, म्हणजे माणसानेच ते होडीतून नेलेलं. आपल्याकडेही इतवारीसारख्या धान्यबाजारात मांजराची किंमत पोत्यांच्या राखणीपुरतीच होती. १९०८ साली, प्लेगच्या काळात, विदर्भात काम केलेल्या अँड्र्यू ब्युकॅनन या डॉक्टराने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांजर हा प्लेगवरचा बंदोबस्त आहे, असं लिहिलं होतं.

चाटण्याची सवय मात्र त्याहून कितीतरी जुनी, थेट आईकडून आलेली. पिल्लू जन्मलं की आई चाटूनच त्याच्या नाकातोंडावरचा पडदा दूर करते, पोटाखाली चाटून शी-शू करवते. पुढे एकत्र वाढलेली मांजरं एकमेकांचं डोकं आणि मान चाटतात, म्हणजे ज्या जागी स्वतःची जीभ पोचत नाही त्या. आपला हात चाटणारं मांजर आपल्याला त्याच गोतावळ्यात धरतं. ही माया खरी आहे, ती नुसता आपल्या घामातल्या मिठाचा मोह म्हणून उडवून लावू नये.

ती जीभ जवळून पाहण्यासारखी आहे. तिच्यावर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखांच्याच द्रव्याचे, म्हणून दोनचारदा चाटलं की कातडी लाल होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं, की या काट्यांच्या टोकाला पन्हळीसारखी पोकळी असते. ती लाळ ओढून केसांच्या मुळापर्यंत पोचवते आणि लाळ वाळताना अंग गार होतं. नागपूरच्या मे महिन्यात मांजर उगाच दुपारभर अंग चाटत बसत नाही.

मग हे चाटणं स्वच्छ म्हणायचं का? परंपरेचं यावर एकमत नाही. मनुस्मृतीत मांजराचं उष्टं खाल्ल्यास प्रायश्चित्त सांगितलंय, तर इस्लामी परंपरेत मांजराचं उष्टं अपवित्र मानत नाहीत. नागपुरात तर हिंदू वस्तीचा महाल आणि मुस्लिम वस्तीचा मोमिनपुरा एकाच शहरात.

वैद्यकाने हा प्रश्न सावकाश सोडवला. १९५० साली फ्रान्समध्ये रोबेर देब्रे यांनी मांजराच्या ओरखड्यानंतर गाठी सुजणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. त्यामागचा बार्टोनेला हा जंतू नीट ओळखू यायला १९९० चं दशक उजाडलं. हा जंतू पिसवांच्या विष्ठेतून नखांत आणि तोंडात येतो, त्यामुळे पिसवा आवरल्या की धोका बराच घटतो. गरोदर सुनेला बाधेल या धास्तीने ज्याच्यामुळे मांजर घराबाहेर काढतात, तो टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी तर लाळेतून पसरतच नाही. १९७० च्या सुमारास त्याचं चक्र उलगडलं आणि दोष मांजराच्या विष्ठेत सापडला. गरोदरपणी विष्ठेचं भांडं दुसऱ्याने साफ करावं, कच्चं मांस टाळावं. मांजर घरातच राहू द्यावं.

मांजराच्या लाळेत पाश्चुरेलासारखे जंतू सर्रास असतात. धडधाकट माणसाच्या अखंड कातडीवर ते फारसे काही करू शकत नाहीत. जखम, डोळे, ओठ, तान्हं बाळ, मधुमेही किंवा केमोथेरपी घेणारा माणूस, इथे मात्र जीभ लागू देऊ नये.

परदेशी सल्ले वाचताना रेबीज विसरून चालत नाही. आपल्याकडची मांजरं गच्चीवरून उतरतात ती भटक्या कुत्र्यांच्याच गल्लीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अखंड कातडीवरचं चाटणं उपचार न लागणाऱ्या पहिल्या वर्गात येतं. उघड्या जखमेवर किंवा तोंडा-डोळ्यांत लाळ गेली तर तो सर्वांत गंभीर तिसरा वर्ग: १५ मिनिटं साबण-पाण्याने धुणं, त्याच दिवशी लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. मांजराला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात आणि नंतर दरवर्षी.