बैलाला लस, मालकाला नाही

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अप्पांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. चपलेच्या तळातून आरपार गेलेला, चांगला पेरभर लांब. ते नेहमीसारखे ओट्यावर बसले, पाय मांडीवर घेतला, सेफ्टी पिनेनं कोरून काटा काढला, वर हळद दाबली आणि कामाला लागले. ‘धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या,’ म्हटलं तर म्हणाले, ‘लोखंड थोडंच लागलंय? काटाच तर होता.’ त्याच आठवड्यात त्यांनी दोन्ही बैलांना फऱ्याची लस टोचून घेतली होती. ती तारीख ते कधी चुकवत नाहीत.

फऱ्याचा जिवाणू आणि धनुर्वाताचा जिवाणू हे एकाच कुळातले. क्लॉस्ट्रिडियम हे त्या कुळाचं नाव. शेळ्यामेंढ्यांचा आंत्रविषारही याच घरातला. हे सगळे मातीत सापडतात, आणि धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम टेटनी जगात जवळपास सगळीकडच्या मातीत असतो. गुरं, घोडे, मेंढ्या यांच्या आतड्यातही तो राहतो आणि शेणालेंड्यांतून पुन्हा जमिनीत उतरतो. गंजाशी त्याचं काही नातं नाही. गंजलेला खिळा बहुतेक वेळा मातीत, उकिरड्याच्या कडेला पडलेला असतो आणि पायात खोल घुसतो, म्हणून नाव लोखंडाचं झालं. बाभळीचा काटा ही दोन्ही कामं तितकीच चोख करतो.

खोलीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण या जिवाणूला ऑक्सिजन सोसत नाही. मोकळ्या हवेत तो वाढूच शकत नाही. मग मातीत टिकतो कसा? बीजाणू होऊन. पेशीच्या एका टोकाला जाड कवचाची गोल गाठ तयार होते. सूक्ष्मदर्शकाखाली तो फुगीर डोक्याच्या टाचणीसारखा दिसतो. पुढे पेशी विरून जाते आणि बीजाणू उरतो. तो वर्षानुवर्षं ऊन, थंडी, दुष्काळ सोसत पडून राहतो. उकळत्या पाण्यातही काही मिनिटं तग धरतो. म्हणून तर शस्त्रक्रियेची हत्यारं नुसती उकळून भागत नाही, ती दाबाखालच्या वाफेत 121 अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात.

रुंद, वाहती जखम दिसायला भयंकर असते, पण तिला हवा लागते आणि रक्त घाण धुऊन बाहेर काढतं. काट्याचं भोक मात्र वरून तासाभरात मिटतं. आत चिरडलेलं मांस, थांबलेलं रक्त आणि काट्याबरोबर गेलेली चिमूटभर माती. तिथला ऑक्सिजन संपला की बीजाणू जागा होतो.

हे कोडं सुटायला वेळ लागला. 1884 साली गॉटिंगनमध्ये आर्थर निकोलायर यांनी बागेतली माती प्राण्यांच्या कातडीखाली टोचली आणि त्यांना धनुर्वात झाला. म्हणजे दोष मातीत होता हे कळलं, पण मातीतले असंख्य जिवाणू बाजूला सारून नेमका गुन्हेगार वेगळा काढणं जमेना. ते साधलं 1889 मध्ये, बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिकायला आलेल्या किटासातो शिबासाबुरो या जपानी डॉक्टरांना. त्यांनी ते मिश्रण 80 अंशांपर्यंत तापवलं. बाकीचे जिवाणू मेले, बीजाणू वाचले. मग हायड्रोजन भरलेल्या भांड्यात, ऑक्सिजनशिवाय, त्यांनी ते वाढवले. जिवाणूचा चिवटपणाच त्यांनी त्याला पकडायला वापरला. मला ही युक्ती फार आवडते. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि एमिल फॉन बेरिंग यांनी दाखवून दिलं, की प्रतिकार आलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात या विषावरचा उतारा असतो. 2024 पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवर किटासातोंचं चित्र आहे.

उतारा विषावरचा होता, कारण मारतं ते विषच. जिवाणू स्वतः जखमेतून पुढे सरकत नाही. तो तिथंच बसून विष सोडतो. ते चेतातंतूंच्या टोकातून आत शिरतं आणि उलट्या दिशेनं मज्जारज्जूपर्यंत चढत जातं. याला साधारण 3 ते 21 दिवस लागतात. तोवर जखम भरलेली, कधीकधी विसरलेलीही असते.

मज्जारज्जूत ते काय करतं हे समजायला आपला कोपर वाकवून पाहा. दंडाचा पुढचा स्नायू आवळतो तेव्हा मागचा सैल पडतो, कारण मागच्याला ‘थांब’ असा निरोप गेलेला असतो. हा निरोप रसायनांच्या बारीक पिशव्यांतून जातो आणि त्या पिशव्या उघडायला सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन लागतं. धनुर्वाताचं विष नेमकं तेवढंच प्रथिन कापतं. दोन्ही बैलांचे कासरे एकदम सुटावेत तसे सगळे स्नायू एकाच वेळी ओढू लागतात. आधी जबड्याचे, म्हणून दातखीळ. मग मान, पाठ. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा जोरकस असल्यानं शरीर मागे वाकून धनुष्यासारखं ताणतं. सुश्रुतसंहितेत याला ‘धनुःस्तंभ’ म्हटलं आहे. दार आपटलं, दिवा लागला, तरी झटका येतो. आणि या सगळ्यात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो.

हे करायला विष किती लागतं? माणसाच्या दर किलो वजनामागे सुमारे 2.5 नॅनोग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला मारायला मिठाच्या एका कणाच्या शंभराव्या भागाहूनही कमी पुरतं. एकदा चेतापेशीत शिरलेलं विष काढून टाकणारं औषध नाही. जखम साफ करायची, प्रतिविष आणि प्रतिजैविकं द्यायची, शांत खोलीत झटके आवरायचे, लागेल तर व्हेंटिलेटर लावायचा, आणि चेतातंतूंना नवी टोकं फुटेपर्यंत आठवडेच्या आठवडे माणूस तगवायचा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी अशा गंभीर रुग्णांवर केलेलं काम जगभर वाचलं गेलं.

सगळ्यात क्रूर रूप नवजात बाळाच्या धनुर्वाताचं. नाळ विळ्यानं कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. पाचवी पुजून सटवाईला साकडं घातलेल्या घरात सातव्या-आठव्या दिवशी बाळ दूध ओढायचं थांबे. 1988 साली जगभरात अशी 7,87,000 बाळं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गरोदरपणात आईला लस दिली की तिची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात. त्या लशीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे 2015 मध्ये भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं.

इथं ‘उच्चाटन’चा अर्थ मर्यादित आहे, आणि मला नेमकी याचीच काळजी वाटते. देवी संपल्या, कारण तो विषाणू माणसातच राहत होता. धनुर्वाताचं घर माती आहे. तो एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे शेजाऱ्यानं घेतलेल्या लशीचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. आपल्याकडे लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम 1978 मध्ये सुरू झाला आणि गावोगाव पोचायला आणखी वर्षं गेली. त्याआधी जन्मलेल्या बऱ्याच बायकांना निदान बाळंतपणांच्या वेळी टीटी मिळालं. त्यांच्या वयाच्या पुरुषांना, म्हणजे आयुष्यभर अनवाणी शेणखतात वावरलेल्यांना, लागलं-खुपलं तर एखादं इंजेक्शन, एवढंच.

एका इंजेक्शननं पाया घातला जात नाही. लहानपणी लस न घेतलेल्या मोठ्या माणसाला पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा आणि सहा ते बारा महिन्यांनी तिसरा लागतो. मग दर दहा वर्षांनी एक. ‘सहा महिने झाले की पुन्हा घ्यायचं’ ही आपल्याकडची पक्की समजूत चुकीची आहे. पाया पूर्ण असेल तर मातकट जखमेलाही, शेवटचा डोस पाच वर्षांच्या आतला असल्यास, नवा लागत नाही. आणि धनुर्वातातून बरं झालेल्या माणसालाही लस द्यावीच लागते. विष इतकं थोडं असतं, की शरीराला त्याची ओळखच पटत नाही.

अप्पांना त्या संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. नर्सनं विचारलं, ‘बाबा, याआधी कधी घेतलं होतं?’ त्यांना आठवेना. सत्तरीत पहिला डोस झाला. दुसऱ्याची तारीख नेमकी पेरणीच्या दिवसांत आली. घरी आल्यावर त्यांनी ती कालनिर्णयवर, बैलांच्या लशीची नोंद होती त्याच पानावर, पेनानं लिहिली.