एका छिद्राची पुंगळी आणि दोन छिद्रांची: डीकॅपिंग पिन मोडते ती कुठे

झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीतून वापरलेला प्राइमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, ढकलून काढते ती डीकॅपिंग पिन. ती मोडली की आपण आधी पिनलाच दोष देतो. पोलाद हलकं असेल, पुढच्या वेळी जाड पिन मागवू, असं म्हणतो. माझीही दोन पाकिटं अशीच गेली. मग एका रविवारी मोडलेल्या पिनेचा तुकडा शोधायला पुंगळीत टॉर्च मारला, आणि खरं कारण तळाशी समोरच दिसलं. पिन जिथून पलीकडे जायची, तिथे छिद्रच नव्हतं. मधोमध पितळेचा उंचवटा होता आणि त्याच्या दोन बाजूंना सुईने टोचल्यासारखी दोन बारीक छिद्रं.

मी गेली काही वर्षं अमेरिकेत राहतो आणि जुन्या 'थ्री नॉट थ्री'ने नेमबाजी करतो. इथे झाडलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याची रीत जुनी आहे. (भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदी आहे, तेव्हा हे इथल्या मंडळींसाठी.) भरण्याआधी वापरलेला प्राइमर काढावा लागतो. प्रेसमध्ये (हँडलने चालणाऱ्या दाबयंत्रात) डाय, म्हणजे पुंगळी आत शिरेल असा साचा, बसवलेला असतो, डायच्या मधोमध दांडी आणि दांडीच्या टोकाला ही पिन. हँडल ओढलं की पुंगळी वर चढते, पिन बुडाच्या छिद्रातून उतरते आणि प्राइमर टक् करून खालच्या डबीत पडतो. हे सगळं बॉक्सर जातीच्या पुंगळीसाठी आखलेलं आहे. बर्डन जातीची पुंगळी बाहेरून अगदी तशीच दिसते, आणि घोळ होतो तो तिथे.

दोन्हींतला फरक एका शब्दात सांगायचा तर ऐरण. प्राइमरमधला मसाला नुसता दाबून पेटत नाही. लोहाराकडे जसं घण आणि ऐरण यांच्यामध्ये लोखंड सापडतं, तसा तो दोन कठीण गोष्टींमध्ये चिरडावा लागतो. बंदुकीची फायरिंग पिन हा झाला घण. बॉक्सरमध्ये ऐरण प्राइमरच्या टोपीतच असते, छोट्याशा पायांची पत्र्याची चकती. त्यामुळे पुंगळीच्या बुडाचा मध्य मोकळा राहतो आणि तिथे साधारण २ मिलिमीटरचं एकच छिद्र पाडता येतं. बर्डनमध्ये टोपी रिकामी असते आणि ऐरण पुंगळीच्याच पितळेतून घडवलेली असते, नेमकी मधोमध. ठिणगीला वाट हवी म्हणून छिद्रं तिच्या कडेला जातात, बहुधा दोन. ज्यांनी कोकणात ठासणीची बंदूक पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. तिथे टोपी निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडावर, बसते आणि घोडा पडला की निपलच ऐरणीचं काम करतो. बर्डनने ते निपलचं काम पुंगळीच्या पोटात नेलं, असं समजा.

आता डायमधली पिन मध्यावर उतरणार. बॉक्सरमध्ये तिला वाट मिळते, बर्डनमध्ये ती ऐरणीवर आदळते. प्रेसच्या हँडलला जोर मोठा असतो, त्यामुळे हाताला फारसं काही जाणवायच्या आत पिन वाकते नाहीतर तुटते, कधी दांडीही तिरपी होते. अशा वेळी जाड पिन घेतली तर मोडण्याची पाळी पिनेवरून दांडीवर जाते, एवढंच.

नावांची एक गंमत मला फार आवडते. हायरम बर्डन हा अमेरिकन, यादवी युद्धात निशाणबाजांच्या पलटणींचा कर्नल. त्याचं पेटंट मार्च १८६६ चं. एडवर्ड बॉक्सर हा इंग्रज, वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतला अधिकारी. त्याचं इंग्लंडमधलं पेटंट त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातलं. पुढे अमेरिकनाची रचना युरोपातल्या फौजांनी उचलली आणि इंग्रजाची रचना अमेरिकेत रुळली. कारण सरळ आहे. फौजेला पुंगळी परत भरायची नसते, आणि बर्डनची टोपी बनवायला सोपी. अमेरिकन शिकाऱ्याला आणि नेमबाजाला मात्र तीच पुंगळी पुनःपुन्हा वापरायची होती.

माझी पिन मोडणारी पुंगळी हातात घेऊन बुडावरची अक्षरं वाचली. केएफ. म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकी. १८६९ साली उभा राहिलेला तो दारूगोळा कारखाना. माझं लहानपण खडकीशेजारच्या बोपोडीतलं, त्यामुळे ती दोन अक्षरं वाचून मी बराच वेळ तशीच पुंगळी धरून बसलो होतो. त्याच डब्यात दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडाच्या पुंगळ्याही होत्या, डीआय आणि झेड अक्षरांच्या. रायफल तीच, काडतूस तेच, आणि तरी कॅनडाची पुंगळी बॉक्सर, खडकीची बर्डन. मिसळलेला डबा विकत घेतला की असं होणारच. तेव्हा 'थ्री नॉट थ्री म्हणजे बर्डन' किंवा 'पितळी आहे म्हणजे बॉक्सर' असले ठोकताळे धरू नका. लोहचुंबक लावूनही पोलाद की पितळ एवढंच कळतं. युगोस्लाव्हियाची ७.६२ बाय ३९ मापाची एम ६७ काडतुसं पितळी आहेत आणि बर्डनही. दोन पुंगळ्या शेजारी ठेवल्या तर ब्रिटिश थ्री नॉट थ्रीची बर्डन टोपी डोळ्यांनाही मोठी दिसते, बॉक्सरची मोठ्या मापाची टोपी ५.३३ मिलिमीटरची असते. पण खात्री टॉर्चनेच होते. तोंडातून उजेड सोडा आणि मधोमध एकच छिद्र दिसलं तरच पुंगळी डायखाली घ्या.

एक छिद्र दिसलं तरी अजून एक चकवा आहे. लापुआ कंपनीच्या ६.५ बाय ४७ मापासारख्या काही नेमबाजीच्या पुंगळ्या बॉक्सरच असतात, पण छिद्र २ ऐवजी १.५ मिलिमीटरचं. नेहमीची पिन त्यात अडकते, आणि पुंगळी खाली ओढताना पिनही सोबत निघून येते. इथे बारीक पिनच हवी. म्हणून बदलीची पिन मागवताना डायचा मेक सांगाच, पण आपल्या पुंगळीचं छिद्र किती हेही सांगा. काही डायमध्ये डोकं असलेली सुटी पिन असते, ती मोडली तर तेवढीच बदलायची. ली कंपनीच्या डायमध्ये दांडी आणि पिन सलग असतात आणि कॉलेटने (आवळायच्या कड्याने) पकडलेल्या. अडथळा आला की दांडी वर सरकते. मिसळलेल्या डब्यासाठी मला ही दुसरी रचना बरी वाटते. मात्र कॉलेट जास्त आवळलं तर तीही सरकत नाही, आणि फायदा गेला.

बर्डन पुंगळीतून टोपी काढताच येत नाही असं नाही. बाहेरून आकड्याने उचकटतात, किंवा पुंगळीत पाणी भरून घट्ट बसणाऱ्या दांड्याने ठोकतात, पाण्याच्या दाबाने टोपी उडते. पण त्या त्या मापाच्या नव्या टोप्या मिळणं मुश्कील. शिवाय जुन्या ब्रिटिश धाटणीच्या टोप्यांत पारा असायचा, आणि पारा पितळेला ठिसूळ करतो. अशी पुंगळी मी भरत नाही, तुम्हीही भरू नका. आणि न झाडलेली टोपी आत असेल तर ती कुठल्याच जातीची असो, प्रेसवर जोर करू नका.

खडकीच्या सात पुंगळ्या मी वेगळ्या डबीत ठेवल्या आहेत. झाकणावर मराठीत लिहिलंय: दोन छिद्रं, डायखाली नको.