विंडोज ९८ चा स्टार्टअप स्क्रीन बदलणे

विंडोज ९५ आणि ९८ चालू होताना जे ढगांचं चित्र दिसतं त्याच्या जागी आपलं चित्र लावणं, याला लोक नुसतं बूट लोगो बदलणं म्हणायचे. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही कारण ते चित्र म्हणजे साधी बीएमपी फाईल, फक्त नाव बदलून 'लोगो डॉट सिस' केलेलं. ही फाईल सी ड्राइव्हवर कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता बाहेरच ठेवायची, विंडोज तीच उचलतं, आणि नसली तर 'आयओ डॉट सिस' या विंडोजच्या स्वतःच्या फाईलच्या पोटातलं मूळ चित्र दाखवतं, म्हणजे काही बिघडलंच तर आपली फाईल डिलीट केली की झालं.

माप मात्र काटेकोर पाहिजे. ३२० बाय ४०० पिक्सेल, २५६ रंग, आणि फाईल भरते १,२९,०७८ बाइटची. खरी गोची इथेच होते, कारण स्क्रीनवर हे चित्र आडवं ताणून दाखवलं जातं, त्यामुळे त्याच मापात सरळ गणपती काढला तर तो बराच रुंद दिसतो. म्हणून आधी पेंटमध्ये ६४० बाय ४८० चं चित्र करायचं, मग आडवं ५० टक्के आणि उभं ८३ टक्के दाबायचं, जे एकदोन पिक्सेल कमी पडतात ते अॅट्रिब्यूट्समध्ये उंची ४०० टाकून भरायचे. फोटो असेल तर पेंट २५६ रंगांत सेव्ह करताना त्याचे डाग डाग करतं, त्यामुळे सपाट रंगाची चित्रंच जास्त छान दिसतात. विंडोजच्या मूळ चित्रात खालची पट्टी सरकल्यासारखी वाटते पण तिथे काहीच सरकत नाही, नुसते रंगांच्या तक्त्यातले रंग फिरवलेले असतात, मला ही युक्ती आजही फार आवडते.

मुंबईत त्या काळात लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेला पीसी घरी यायचा आणि एका १.४४ एमबीच्या फ्लॉपीत असे अकरा लोगो मावतात. पण मराठी घरांसाठी यातली मोठी गोष्ट वेगळीच होती. विंडोज ९८ ला देवनागरी युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धत) येत नव्हतं, तो सपोर्ट विंडोज २००० पासून आला, त्याआधी मराठी टाईप करायचं तर वेगळे फाँट टाकावे लागायचे. बूट लोगोला फाँटच लागत नाही, ते चित्र आहे, त्यामुळे माऊसने 'श्री' काढला तरी कॉम्प्युटर रोज मराठीत उघडतो!

बंद होतानाचे स्क्रीनही असेच बदलतात. विंडोज फोल्डरमधली 'लोगोडब्ल्यू डॉट सिस' म्हणजे थांबा सांगणारी आणि 'लोगोएस डॉट सिस' म्हणजे आता बंद करा सांगणारी. जुन्या एटी कॅबिनेटवर बटण हातानेच दाबावं लागायचं, म्हणून या दुसऱ्या चित्रावर 'आता बंद करायला हरकत नाही' असं मराठीत लिहिलं की इंग्रजी न वाचणाऱ्या आजीलाही बटण कधी दाबायचं ते कळतं.

लोगो अजिबात नको असेल तर 'एमएसडॉस डॉट सिस' या सेटिंगच्या फाईलमध्ये ऑप्शन्सखाली 'Logo=0' लिहायचं, आणि तेवढ्यापुरता घालवायचा तर चालू होताना एस्केप दाबायचं.

२००१ च्या विंडोज एक्सपीत हे चित्र थेट कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या, फाईलमध्ये गेलं, तेही १६ रंगांत, आणि तिथे चुकलं तर मशीन उघडतच नाही, त्यामुळे मूळ फाईलला हात न लावता कॉपीत बदल करून तिचं नाव 'बूट डॉट आयएनआय' या, चालू होताना काय उघडायचं ते सांगणाऱ्या फाईलमध्ये वेगळ्या ओळीत द्यायचं आणि जुनी ओळ तशीच राहू द्यायची.